गणवेश बदलून मागायचा असेल तर

मी मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. खेळत होते तेव्हा माझं निम्मं लक्ष वर सरकणारी तोकडी चड्डी खाली ओढण्यात जायचं, म्हणून हे सांगतेय.

आधी नियमपुस्तिका स्वतः वाचा. बऱ्याचदा तोकड्या कपड्यांची सक्ती नियमाची नसतेच, कुणाच्या तरी सवयीची असते. बीच व्हॉलीबॉलमध्ये २०१२ पासून शॉर्ट्स आणि बाह्यांचा टॉप चालतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मन जिम्नॅस्ट घोट्यापर्यंतचा पोशाख घालून उतरल्या, तोही नियमात बसणाराच.

मग सध्याचा गणवेश घालून सराव करा. खोल बसा, उडी मारा, डाइव्ह मारा, आणि हात कितीदा कपड्याकडे गेला ते मैत्रिणीला मोजायला सांगा. ‘लाज वाटते’ म्हटलं की लोक समजूत घालत बसतात. आकडा दाखवला की ऐकावं लागतं.

मागणीच्या पत्रावर सगळ्या संघाच्या सह्या हव्यात. एकटीला वगळणं फार सोपं असतं, हे मी भोगलंय.

नियमच आडवा आला तरी मागे हटू नका. २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघाला बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून १५०० युरो दंड झाला. त्याच वर्षी नियम बदलला.

आणि एखादीला तोकडाच कपडा सोयीचा वाटत असेल, तर तिला तो घालू द्या.