एसीचा गॅस बदलतोय : घरातल्या एसीबाबत काय करावं?

“तुमच्या एसीतला गॅस आता बंद झालाय, दुरुस्ती कशाला करता, नवीनच घ्या.” एसी बिघडला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्यात थोडं खरं आहे आणि बरंचसं अर्धवट आहे. या अर्धवट माहितीमुळे लोक चांगली यंत्रं भंगारात काढतात, किंवा भलताच गॅस भरून घेऊन यंत्राची वाट लावतात. नियम काय सांगतात आणि त्यानुसार आपण काय करावं, ते इथे क्रमाने पाहू.

पायरी १ : आउटडोअर युनिटवरची पट्टी वाचा

बाकी काही करण्याआधी हे करा. स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटवर, बहुधा बाजूला, माहितीची पट्टी चिकटवलेली असते. विंडो एसीत ती मागे किंवा जाळीच्या आत सापडते. त्यावर ‘आर’ अक्षरापुढे एक आकडा असतो, तेच तुमच्या गॅसचं नाव. शेजारी तो किती ग्रॅम किंवा किलो भरला आहे ते वजनही असतं. पट्टीचा फोटो काढून ठेवा, कारण उन्हापावसाने ती काही वर्षांत वाचण्यापलीकडे जाते.

घरगुती एसीत आज मुख्यतः चार नावं भेटतात. जुन्या यंत्रांत आर-२२, त्यानंतरच्या पिढीत आर-४१०ए, अलीकडच्या यंत्रांत आर-३२ आणि काही मोजक्या यंत्रांत आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन. काही देशांत आर-४५४बी हे मिश्रणही आलं आहे.

पायरी २ : नियम कशावर आहे ते समजून घ्या

गॅसवरची बंधनं दोन टप्प्यांत आली. १९८७ च्या माँट्रियल कराराने ओझोनच्या थराला भोक पाडणारी क्लोरीनयुक्त शीतकं, म्हणजे थंडावा देणारे गॅस, हळूहळू बंद करायला घेतली. आर-२२ त्यातलंच. विकसित देशांत त्याचा वापर २०२० पर्यंत जवळजवळ संपवायचा होता. भारतासह विकसनशील देशांना २०३० ची मुदत आहे आणि त्यानंतर २०४० पर्यंत जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता थोडा साठा ठेवण्याची सवलत आहे.

आर-२२ च्या जागी आलेल्या आर-४१०ए मध्ये क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला त्याचा धोका नाही. पण तो हवेत सुटला तर उष्णता जबरदस्त धरून ठेवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात १ किलो आर-४१०ए म्हणजे सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइड. आर-३२ चा हाच आकडा ६७५ आहे, प्रोपेनचा जेमतेम ३ च्या आसपास. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडाच्या राजधानीत माँट्रियल करारात किगाली दुरुस्ती झाली आणि आर-४१०ए, आर-३२ यांच्या कुळातल्या गॅसांवरही कपात ठरली. विकसित देशांनी २०१९ पासून कपात सुरू केली. २०३६ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर जायची आहे. चीन आणि बहुतेक विकसनशील देशांचा वापर २०२४ पासून गोठवला गेला. भारत ज्या गटात आहे त्याचा वापर २०२८ ला गोठेल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी उतरेल. अमेरिकेने तर २०२५ पासून नव्या घरगुती एसीतल्या गॅससाठी याच आकड्याची ७०० ही मर्यादाच घातली, म्हणून तिथे आर-४१०ए वरच्या नव्या यंत्रांचा काळ संपला.

यात एसीमालकाच्या कामाची गोष्ट एकच आहे. हे करार गॅसचं उत्पादन आणि आयात कमी करतात, काही देश नव्या यंत्रांवर मर्यादा घालतात. पण घरात चालू असलेला एसी बंद करा असं माँट्रियल करारही म्हणत नाही आणि किगाली दुरुस्तीही म्हणत नाही. परिणाम येतो तो गळतीच्या वेळी, कारण बंद होत चाललेला गॅस दरवर्षी दुर्मिळ आणि महाग होत जातो.

आणखी एक बारकावा. किगालीचा कोटा नुसत्या किलोवर मोजत नाहीत, कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मोजतात. म्हणजे १ किलो आर-४१०ए जितका कोटा खातो, तेवढ्यात ३ किलो आर-३२ बसतो. टंचाई आली की आधी कोणता गॅस बाजारातून आटेल, हे यावरून ओळखता येतं.

पायरी ३ : गॅस ‘संपला’ हे लगेच मान्य करू नका

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो : आतल्या कॉईलमध्ये उकळताना खोलीतली उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि बाहेरच्या कॉईलमध्ये पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर टाकतो. वर्षानुवर्षं तोच गॅस. तेव्हा कमी झाला असेल तर कुठून तरी गळलाच आहे.

आधी फिल्टर धुवा, बाहेरच्या कॉईलवरची धूळ साफ करून घ्या, दोन्ही पंखे नीट फिरतात का ते बघा. थंडावा कमी होणं आणि आतल्या कॉईलवर बर्फ धरणं, ही दोन्ही लक्षणं नुसत्या तुंबलेल्या फिल्टरनेही दिसतात. साफसफाईनंतरही तेच राहिलं, आणि बाहेरच्या युनिटपाशी नळी जोडलेल्या नटावर तेलकट डाग दिसला, तर गळतीचा संशय पक्का धरा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस निसटतो तिथे ते पाझरतं.

पायरी ४ : गॅस भरण्याआधी गळती शोधून बुजवून घ्या

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. आमच्या घरी आर-२२ चा एसी होता. लागोपाठ तीन वर्षं त्यात गॅस भरला गेला आणि गळती कुठे आहे हे कोणीही शोधलं नाही. चौथ्या वेळी एका जाणत्या मेकॅनिकने साबणाचं पाणी लावलं आणि नळी जोडणाऱ्या एका फ्लेअर नटापाशी बुडबुडे आले. नळीचं टोक नव्याने फ्लेअर, म्हणजे पसरट, केलं, नट घट्ट बसवला, काम झालं. त्याआधी तीन वेळा भरलेला गॅस त्याच फटीतून हवेत गेला होता. ओझोन पोखरणारा गॅस आपण पैसे मोजून हवेत सोडत होतो, ही गोष्ट मला आजही टोचते.

नीट झालेल्या कामाचा क्रम असा असतो. उरलेला गॅस यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून जोड तपासायचे. ऑक्सिजन किंवा साधी दाबलेली हवा इथे कधीही चालत नाही. तेलाशी गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो. गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल पूर्ण खेचून काढायची. नुसता थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. आणि शेवटी पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. नळी नेहमीपेक्षा लांब असेल तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे वाढीव ग्रॅम धरायचे.

मेकॅनिकला बोलावतानाच विचारा : “व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणणार ना?” उत्तर टाळाटाळीचं आलं तर दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. हे काम स्वतः करायला मात्र जाऊ नका. दाबाखालचा द्रव गॅस कातडीवर पडला तर हिमदाह होतो.

पायरी ५ : भलता गॅस भरू देऊ नका

आर-२२ मिळेनासा झाला की “दुसरा चालतो” असं सांगितलं जातं. आर-२२ च्या यंत्रात आर-४१०ए चालत नाही. त्याचा दाब सुमारे दीडपट किंवा त्याहूनही अधिक असतो आणि त्याला तेलही वेगळं लागतं. आर-४१०ए च्या यंत्रात आर-३२ भरणंही चूकच, कारण तो सौम्य ज्वलनशील आहे आणि कॉम्प्रेसरमध्ये जास्त तापतो. जुनं यंत्र त्या हिशेबाने बनवलेलं नसतं. आर-२२ च्या यंत्रात प्रोपेन भरणं तर सरळ धोका आहे. थंडावा मिळतो, पण ठिणगी टाकणारे रिले आणि स्विच त्याच यंत्रात असतात.

बनावट गॅसचाही विचार ठेवा. २०११ मध्ये जहाजांतून माल नेणाऱ्या शीत कंटेनरांत स्फोट होऊन माणसं मेली. त्यांतल्या भेसळयुक्त शीतकात मिथाइल क्लोराइड होतं आणि ॲल्युमिनियमशी त्याची रासायनिक क्रिया होऊन हवेत पेट घेणारं संयुग तयार झालं होतं. सिलिंडरवरचं नाव, सील आणि बिलावर गॅसचं नाव व वजन, एवढं तरी बघून घ्या.

पायरी ६ : दुरुस्ती की नवीन, हे ठरवा

आर-३२ किंवा आर-२९० चं यंत्र असेल तर केवळ गॅसच्या नियमापायी बदलण्याचं काही कारण नाही. आर-४१०ए चं यंत्र गळत नसेल तर निवांत वापरा. जोडाशी गळालं तर दुरुस्त करा. आर-२२ च्या यंत्रात कॉईल गंजून जागोजागी छिद्रं पडली असतील किंवा कॉम्प्रेसर गेला असेल, तर मात्र त्यावर आणखी खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढं जुनं यंत्र वीजही जास्त खातं आणि पुढच्या गळतीला गॅस मिळेलच याची खात्री नाही.

पायरी ७ : नवीन घेताना

आर-३२ ज्वलनशील आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. तो पेटायला हवेत त्याचं प्रमाण साधारण १४ टक्क्यांवर जावं लागतं. प्रोपेनला २ टक्क्यांच्या आसपास पुरतात. म्हणून प्रोपेनच्या यंत्रात गॅस कमी ठेवतात आणि खोलीच्या आकाराची अटही कडक असते. पुस्तिकेत किमान किती चौरस मीटरची खोली हवी ते दिलेलं असतं, ते आधी वाचा. दोन्ही गॅसांसाठी मेकॅनिक त्या कामाचा प्रशिक्षित हवा आणि काम चालू असताना जवळपास उघडी ज्योत नको. जुन्या तांब्याच्या नळ्या पुन्हा वापरायच्या की नाही, हे कंपनीच्या सूचनेवर सोडा. आत जुनं तेल राहिलं असेल तर नव्या कॉम्प्रेसरला ते सोसत नाही.

पायरी ८ : जुना एसी काढताना

एसी दुसऱ्या जागी न्यायचा असेल तर ‘पंप डाऊन’ करून घ्या, म्हणजे सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये गोळा करून झडपा बंद करायच्या. भंगारात द्यायचा असेल तर गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतल्याशिवाय नळी कापू देऊ नका. नळी कापली की सगळा गॅस मिनिटभरात हवेत जातो. काढून घेतलेला गॅस मात्र शुद्ध करून पुन्हा वापरता येतो, आणि आर-२२ च्या जुन्या यंत्रांना यापुढे बऱ्याच अंशी अशाच गॅसवर चालावं लागणार आहे. एसी उतरवायला माणसं येण्याच्या आदल्या दिवशीच फोन करून गॅस काढायचं यंत्र आणि रिकामा सिलिंडर आणायला सांगा.