एनबीएचा पगार आयुष्यभर पुरवायचा कसा: अँट्वान वॉकरच्या हिशोबावरून

बास्केटबॉलपटू अँट्वान वॉकर अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या १९९६ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सहाव्या क्रमांकावर बॉस्टन सेल्टिक्स संघाकडे आला. तीनदा ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड) झाला, २००६ मध्ये मायामी हीटकडून अजिंक्यपदही जिंकला. पगारापोटी त्याने १० कोटी ८० लाख डॉलरहून जास्त कमावले. मे २०१० मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा मालमत्ता ४३ लाख डॉलरची होती आणि कर्ज १ कोटी २७ लाखांचं. लोक गाड्या-घड्याळांकडे बोट दाखवतात. पण त्याला बुडवण्यात मोठा वाटा होता तो शिकागोतल्या घरांच्या कर्जावर दिलेल्या वैयक्तिक हमीचा, म्हणजे कर्ज थकलं तर स्वतःच्या पैशातून फेडण्याच्या वचनाचा.

सुरुवात खऱ्या पगारापासून करा. करारावर वर्षाला १ कोटी डॉलर लिहिले असतील, तर १० टक्के लीग एस्क्रोमध्ये (राखीव खात्यात) अडकवून ठेवते. हंगामाअखेर लीगच्या उत्पन्नातला खेळाडूंचा एकूण वाटा ठरलेल्या हिश्श्यापेक्षा जास्त भरला, तर ते पूर्ण परत मिळत नाहीत. फेडरल (केंद्र सरकारच्या) कराचा वरचा दर ३७ टक्के. राज्याचा कर वेगळा: कॅलिफोर्नियात वरचा दर १३.३, टेक्सास आणि फ्लोरिडात शून्य. बाहेरचे सामने ज्या राज्यात होतात, तिथेही कामाच्या दिवसांच्या प्रमाणात कर लागतो, म्हणून एका हंगामाची अनेक विवरणपत्रं भरावी लागतात. एजंटचे टक्के गेल्यावर कॅलिफोर्नियातल्या खेळाडूच्या हातात ४० लाखांच्या आसपास उरतात. घराचा हप्ता आणि नातेवाइकांना द्यायचं ते या आकड्यावर ठरवायचं.

आता हमी. प्रत्येक मालमत्तेसाठी वेगळी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढावी आणि कर्ज शक्यतो असं घ्यावं की बँकेला फक्त त्या इमारतीवर जप्ती आणता येईल. हमीपत्रात ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे’ हे शब्द शोधा. भागीदार चार असले, तरी या दोन शब्दांच्या जोरावर बँक सगळी रक्कम एकट्याकडून वसूल करू शकते, आणि चौघांत ज्याचा पगार वर्तमानपत्रात छापून येतो, तो खेळाडूच सापडतो. बँक हमीशिवाय ऐकतच नसेल, तर रकमेची कमाल मर्यादा आणि हमी संपण्याची तारीख लिहून घ्या. कागद वाचणारा वकील भागीदाराचा नको, स्वतःचा हवा. २००८ मध्ये घरांचे भाव कोसळले तेव्हा वॉकरच्या इमारती कर्ज फेडायला पुरल्या नाहीत, आणि बँका थेट त्याच्यामागे लागल्या.

नातेवाइकांना वर्षाची एकच ठरीव रक्कम द्यावी, आणि ती अकाउंटंटमार्फत. दिलेल्याचं विवरणपत्रही भरावं लागतं: २०२५ मध्ये एका माणसाला १९,००० डॉलरपेक्षा जास्त दिलं, तर भेटकराचं. कोणाच्याही गाडीच्या कर्जावर सही नको.

चेकवर सही करणारा आणि हिशोब तपासणारा, ही दोन वेगळी माणसं हवीत. बँकेचं स्टेटमेंट सल्लागाराकडून नको, थेट खेळाडूच्या हाती यावं. एनबीएतला टिम डंकनसारखा शिस्तीचा खेळाडूही सल्लागाराकडून फसला. २०१७ मध्ये त्या सल्लागाराला चार वर्षांची कैद झाली. त्यामुळे विश्वासू माणूस असला, तरी स्टेटमेंट दर महिन्याला वाचायचंच.

पैसा सहज हाताला लागणार नाही असा ठेवता आला तर उत्तम. बूट बनवणाऱ्या रीबॉक कंपनीने एनबीए खेळाडू ॲलन आयव्हरसनसाठी वेगळा ट्रस्ट ठेवल्याचं सांगितलं जातं, त्याची रक्कम तो ५५ वर्षांचा होईपर्यंत त्याला मिळत नाही. लीगच्या योजनांचाही तोच फायदा. तीन हंगामांची सेवा झाली की पेन्शनचा हक्क पक्का होतो. पेन्शन आणि ४०१(के) या निवृत्ती बचत खात्यामधला पैसा दिवाळखोरीत सहसा धनकोंच्या हाती लागत नाही, म्हणून ४०१(के) ची वार्षिक मर्यादा पहिल्या हंगामापासून पूर्ण भरावी. पेन्शन ४५व्या वर्षी सुरू करता येते, पण मग महिन्याची रक्कम कायमची कमी होते. गरज नसेल तर थांबावं.