मनगटाचे फ्रॅक्चर: प्लास्टर की शस्त्रक्रिया, हे कसे ठरवावे

हात टेकून पडल्यावर मनगटाजवळ मोडते ते बहुतेक वेळा रेडियस, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचे हाड. आयरिश शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या फ्रॅक्चरचे वर्णन केले, तेव्हाच त्यांनी नोंदवले होते की हाताचा बाक आयुष्यभर राहतो, पण कालांतराने हात पूर्ववत हलू लागतो आणि दुखणेही थांबते. हाड वाकडे जुळणे आणि हात निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवूनच उपचारांची तुलना करावी.

हाड त्वचा फाडून बाहेर आले असेल, बोटे थंड किंवा निळसर पडली असतील किंवा अंगठ्यापासूनच्या तीन बोटांतील बधिरपणा वाढत असेल, तर तुलनेत वेळ घालवू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

एरवी पाहावा तो हाड बसवल्यानंतरचा एक्स-रे. पहिल्या चित्रातील विद्रूपता पाहून अनेक जण घाबरून शस्त्रक्रियेला होकार देतात, परंतु निर्णयासाठी महत्त्वाचे असते ते हाड जागेवर आणल्यावर काय उरले आहे ते. ६५ वर्षांखालील रुग्णात हाड ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आखूड झाले असेल, हाताच्या पाठीच्या बाजूला १० अंशांहून अधिक कलले असेल किंवा सांध्याच्या पृष्ठभागात २ मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी उरली असेल, तर शस्त्रक्रियेकडे कल असतो. हे आकडे आपल्या डॉक्टरांकडून मोजून घ्यावेत, आणि ते सांगण्यात त्यांना काहीच अडचण नसावी.

६५ वर्षांपुढे मात्र चित्र बदलते. या वयात शस्त्रक्रियेने हाडावर धातूची प्लेट बसवलेल्या आणि प्लास्टर घातलेल्या रुग्णांची वर्षभरानंतर तुलना केली असता, दुखणे आणि दैनंदिन कामे यांत फारसा फरक आढळत नाही. तरीही कुबडी किंवा काठीवर भार देणाऱ्या, अथवा हाताच्या कामावर पोट असणाऱ्या व्यक्तीची गरज वेगळी असू शकते, म्हणून केवळ वयावर निर्णय सोडणे मला योग्य वाटत नाही.

प्लास्टर साधारण पाच ते सहा आठवडे राहते. त्यात जखम किंवा टाके नसतात. धोका असतो तो हाड पुन्हा सरकण्याचा, विशेषतः पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, कारण सूज उतरली की प्लास्टर सैल होते. ब्रिटनमधील ५०० रुग्णांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हाड बाहेरूनच बसवता आलेल्या रुग्णांना प्लास्टर किंवा तारा (त्वचेतून हाडात घालून ते जागेवर धरून ठेवणाऱ्या धातूच्या तारा) यांपैकी एक उपचार दिला गेला. वर्षानंतर दोन्ही गट जवळजवळ सारखेच होते. मात्र प्लास्टरच्या गटातील सुमारे १३ टक्के रुग्णांना पहिल्या सहा आठवड्यांतच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणून प्लास्टर निवडल्यास पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यातील एक्स-रे कधीही चुकवू नये: हाड सरकलेच, तर ते जुळून येण्यापूर्वी दुरुस्त करणे बरेच सोपे असते.

प्लेट आणि स्क्रूमुळे मनगट लवकर हलवता येते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत हाच तिचा खरा लाभ असतो. त्याबदल्यात भूल, जंतुसंसर्ग, स्नायुबंध घासणे किंवा तुटणे आणि कधी प्लेट काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया, हे धोके पत्करावे लागतात. तारा त्वचेबाहेर ठेवल्या जातात आणि काही आठवड्यांनी काढल्या जातात, पण तोवर प्लास्टरही सांभाळावेच लागते.

डॉक्टरांना थेट विचारावे: माझे हाड प्लास्टरमध्ये टिकण्याची शक्यता किती, ते सरकले तर पुढे काय करणार, आणि शस्त्रक्रियेने माझ्या कामात नेमका कोणता फरक पडेल?

उपचार कोणताही असो, बोटे, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवावेत आणि हात हृदयाच्या पातळीच्या वर ठेवावा. प्लास्टरमध्ये वेदना वाढतच गेल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ते सैल करून घ्यावे. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडले असेल, तर हाडांच्या घनतेची तपासणीही करून घ्यावी, कारण ठिसूळपणावर उपचार झाले नाहीत तर पुढच्या वेळी खुब्याचे हाड मोडू शकते.