नव्या व्हेरियंटची बातमी आली की घरातल्यांचं संरक्षण कसं तपासावं

मे २०२५ मध्ये ठाण्यात पुन्हा कोरोनाचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनच सूर होते. ‘आपले दोन डोस झालेत, काही होत नाही’ आणि ‘डोस घेऊनही झालाच की, मग लशीचा उपयोग काय?’ दोन्ही अर्धवट. घरात म्हातारं माणूस असेल तर अर्धवटावर विसंबू नये. अर्धा तास काढून वही घेऊन बसा.

प्रत्येकाच्या नावापुढे लिहा: कुठली लस, कधी; कोरोना झाला असेल तर कधी; वय आणि जुने आजार. लशीच्या तारखा कोविनच्या प्रमाणपत्रावर आहेत. आजारपणाची तारीख आठवत नसेल तर लाटेवरून अंदाज बांधा. एप्रिल-मे २०२१ असेल तर बहुधा डेल्टा, जानेवारी २०२२ असेल तर बहुधा ओमिक्रॉन; हे दोन्ही विषाणूचे व्हेरियंट, म्हणजे बदललेली रूपं. (ओमिक्रॉनचा राज्यातला पहिला रुग्ण डिसेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातच, डोंबिवलीत सापडला होता.)

आता या नोंदींचा अर्थ लावायचा. गफलत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लागण न होणं आणि लागण होऊनही आजार न बळावणं, ही दोन वेगळी संरक्षणं आहेत. पहिलं मुख्यतः अँटिबॉडीजचं, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांचं काम. या अँटिबॉडीज विषाणूच्या अंगावरच्या काट्यांना, म्हणजे स्पाइक प्रथिनाला चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत. नव्या व्हेरियंटमध्ये बहुधा हे काटेच बदललेले असतात, त्यामुळे जुन्या अँटिबॉडीजची पकड सैल पडते. शिवाय काही महिन्यांत त्या कमीही होतात. म्हणून लस घेतलेल्याला, आधी होऊन गेलेल्यालाही पुन्हा लागण होते.

दुसरं संरक्षण जास्त टिकतं. टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, विषाणूच्या अनेक तुकड्यांवरून लागण झालेली पेशी ओळखतात. काटे बदलले तरी त्यातले बरेच तुकडे तेच राहतात. आधीची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी काही दिवसांत नव्या अँटिबॉडीज तयार करू लागतात. तोवर ताप, घसादुखी होतेच, पण आजार फुप्फुसापर्यंत जाण्याआधी बहुतेकदा आवरला जातो. जानेवारी २०२२ मध्ये माझ्या आईला कोविशिल्डचे दोन डोस घेऊनही कोरोना झाला. वय ६८, मधुमेह. चार दिवस ताप आला आणि उतरला. एका घरावरून काही सिद्ध होत नाही, पण त्या चार रात्री मला या दोन संरक्षणांतला फरक नीट कळला.

लस आणि आजार दोन्ही झालेल्यांचं संरक्षण सहसा सर्वांत भक्कम असतं. पण म्हणून कुणी मुद्दाम आजार अंगावर ओढवून घेऊ नये. शरीराला विषाणूची ओळख लशीतूनही होते, आणि तीही फुप्फुसं पणाला न लावता.

अँटिबॉडी चाचणीवर पैसे घालवू नका. आकडा मोठा आला तरी नव्या व्हेरियंटला तो पुरेल का, हे त्यातून कळत नाही, आणि टी-पेशी त्यात मोजल्याच जात नाहीत.

मग वहीतल्या काही नावांभोवती गोल करा: साठीच्या पुढचे, मधुमेह, किडनी किंवा हृदयविकार असलेले, कॅन्सरचे उपचार घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले. शेवटचा डोस किंवा आजार होऊन बराच काळ लोटला असेल, तर पुढच्या डोसबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा. रुग्ण वाढत असताना लोकलच्या गर्दीत आणि दवाखान्यात त्यांनी मास्क लावावा. घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्यानेही लावावा.

बातमीत ‘वेगाने पसरतो’ असं वाचून घाबरू नका. पसरण्याचा वेग आणि आजाराची तीव्रता या वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णालयात दाखल होणारे वाढताहेत का, ते बघा.

गोल केलेल्यांपैकी कुणाला ताप आला तर पहिल्याच दिवशी चाचणी करा. विषाणूविरोधी गोळ्यांचा उपयोग लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत जास्त होतो, त्यामुळे ‘बघू दोन दिवस’ म्हणण्यात ती वेळ निघून जाते. धाप लागली, छातीत दुखलं, माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागलं किंवा ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली गेला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.