मृग निघायच्या आत मोरीच्या पाण्याचं बघून घ्या

25 मेला रोहिण्या लागतात, 7 जूनला मृग, आणि एकदा पेरणीची घाई सुरू झाली की शोषखड्ड्याकडं (सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) कोण बघतंय, म्हणून आत्ताच लिहितोय. जलजीवनच्या नळाचं माणशी 55 लिटर धरलं (आमच्याकडं एक दिवसाआड येतं ते सोडा) तर पाच माणसांच्या घरात पावणेतीनशे लिटर पाणी झालं, त्यातलं दीड-दोनशे तरी न्हाणी-मोरीतून बाहेर पडतंच. ते जातं नालीत, नाली तुंबते, डास होतात, आणि मागं परसात केळ पाण्यावाचून माना टाकून उभी.

मोठी केळ भर उन्हाळ्यात रोज 15-20 लिटर पाणी पिते. म्हणजे एका घराच्या सांडपाण्यावर आठेक केळी आरामात निघतात. पपई, शेवगा, नारळ, नाहीतर जनावरांसाठी नेपियर गवताच्या चार ओळी लावा, पण पाणी बुडाशी आळ्यात सोडायचं, पानांवर नाही. मेथी, कोथिंबीर, मुळा, काकडी असलं कच्चं खायचं काही या पाण्यावर घेऊच नका, जंतांची अंडी पानाला चिकटून थेट पोटात जातात. संडासचं पाणी तर यात मिसळायचंच नाही.

दुसरी भानगड साबणाची. कपड्याच्या पावडरीत सोडियम असतं, तेच पाणी वर्षभर एकाच जागी मुरलं की माती चोपण होते, वाळली की दगड आणि भिजली की चिखल, काळ्या रानात तर लवकरच. म्हणून धुण्याचं पहिलं फेसाळ पाणी खड्ड्यात जाऊ द्या, खळबळलेलं आणि आंघोळीचं झाडांना, आणि पाईप आठवड्याला दुसऱ्या आळ्यात फिरवा.

आता खड्डा. नांदेडकडचा मॅजिक पिट ऐकला असेल, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी तेच करून उघड्या नाल्या बंद केल्या. 4 फूट लांब, 4 रुंद, 4 खोल खणायचं, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी ठेवायची, भोवती खाली मोठे दगड वर बारीक, त्यावर पोतं आणि माती. टाकीला झाकण हवंच, गाळ काढायला. पाईपाच्या तोंडाला जाळी लावा, खरकटं नि केस अडले तर खड्डा वर्षानुवर्षं चालतो. काळ्या मातीत मात्र मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, नाहीतर खड्ड्याचं डबकंच होतं. आधी खणून पाणी भरून बघा, सकाळपर्यंत तसंच दिसलं तर त्या जागी दगड टाकून पैसे घालवू नका. विहीर, हातपंप यांच्यापासून 50 फूट तरी लांब.

जुना खड्डा असेल तर याच पंधरवड्यात टाकीतला गाळ काढा, उन्हात खडखडीत वाळवा आणि झाडाच्या बुडाशी मातीखाली घाला. आणि पन्हाळीचं पाणी त्यात सोडू नका हो. मी गेल्या वर्षी हीच हुशारी केली, म्हटलं तेवढंच पाणी जिरेल, पहिल्याच वळवाला पत्र्यावरची सगळी माती धुऊन दगडांत जाऊन बसली आणि ऐन पेरणीत अख्खा खड्डा उपसून दगड धुवावे लागले, बायको अजून बोलून दाखवते.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर बंद केलेला खड्डा पूर्ण वर्ष झाल्याशिवाय उघडू नका. वर्ष झालं असेल तर आतलं खत आत्ता कोरड्यात काढा, कपाशी-तुरीच्या रानात वखराच्या शेवटच्या पाळीला मातीआड करा, भाजीला नको.

खर्चाचं म्हणाल तर शोषखड्डे रोजगार हमीतनं होतात आणि सांडपाण्याच्या कामाला स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत लोकवस्तीच्या गावाला माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद ठेवलेली होती. ग्रामसेवकाला गाठून आराखड्यात नाव आहे का ते विचारा, पाऊस लागला की खोदकामाला मजूरही मिळत नाही आणि खड्डाही भरतो.