पावसासाठी स्वस्तात टायर घेताय? या चुका टाळा

जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला की पुण्यातल्या टायरच्या दुकानांपुढे गाड्या उभ्या राहायला लागतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ब्रेक दाबूनही गाडी पुढेच सरकली, की मग टायर आठवतात. दुकानात पोचल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "किती चालेल?"

ओल्या रस्त्यासाठी हा प्रश्न दुसरा असायला हवा. जास्त किलोमीटर चालण्यासाठी बनवलेल्या टायरचं रबर बहुधा कडक असतं, आणि कडक रबर ओल्या डांबरावर कमी पकड देतं. एकाच कंपनीकडे दोन्ही तऱ्हेचे टायर असतात. सिएटचा मायलेझ आणि सेक्युराड्राइव्ह, अपोलोचा अमेझर आणि अल्नॅक, यांत पहिला टिकण्यासाठी आणि दुसरा पकडीसाठी. बऱ्याच टायरच्या बाजूवर 'ट्रेडवेअर' (झीज किती सावकाश होते) असा आकडा आणि 'ट्रॅक्शन'पुढे एए (सर्वांत चांगलं), ए, बी किंवा सी असं अक्षर असतं. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या पृष्ठभागावर सरळ ब्रेक मारल्यावर टायर किती धरतो, याची प्रतवारी. ट्रेडवेअरचा मोठा आकडा पाहून खूश होण्याआधी ते अक्षर वाचा. लेबलवरचे स्टार मात्र मुख्यतः इंधनबचतीचे असतात. पाच स्टार दिसले म्हणून टायर पावसात भारी, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

सवलतीच्या दरातला जुना माल

"साहेब, गोडाऊनमध्येच होता, एक किलोमीटर चाललेला नाही." खरं असेल, पण रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं. 'DOT' (डॉट) ही अक्षरं जिथे आहेत, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. दोन्ही बाजूंवर पूर्ण तारीख असेलच असं नाही, म्हणून टायर उलटून बघा, तेही चारही टायरवर. वर्षभराचा टायर बिनधास्त घ्या. तीन-चार वर्षांचा असेल तर मोठ्या ब्रँडचं नाव विसरा आणि साध्या ब्रँडचा ताजा टायर घ्या. आयएसआयचा शिक्का मात्र हवाच.

जुन्या बाजारात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात वापरलेले टायर अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात. त्यातले काही गुळगुळीत टायर खाचा कोरून नव्यासारखे केलेले असतात. ट्रक-बसच्या काही टायरमध्ये खाचा पुन्हा कोरण्यासाठी जास्तीचं रबर ठेवलेलं असतं, कारच्या टायरमध्ये ते नसतं. कोरलं की आतला पट्टा उघडा पडायला वेळ लागत नाही. असा टायर फुकट दिला तरी घेऊ नये.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड?

कोरड्या रस्त्यावर काही अंशी खरं. पण पाणी साचलेलं असेल तर रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि तो लवकर पाण्यावर तरंगतो. एक्स्प्रेस-वेवर पावसात स्टिअरिंग अचानक हलकं लागलं, तर हेच झालेलं असतं. तेव्हा ब्रेकवर उभं न राहता अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर जी साइज आहे, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५, तीच घ्या. पुढचा ८८ एच हा भार आणि वेगाचा निर्देशांक आहे. तो कमी करून पैसे वाचवायचे नाहीत.

दोनच बदलायचे असतील तर

बजेट नसतं, दोनच टायर घेतले जातात. ठीक आहे. पण "नवे पुढेच टाका, गाडी पुढूनच ओढते" हा सल्ला ऐकू नका, भले तो पन्नास वर्षं जुन्या दुकानातून आलेला असो. नवे मागे घालायचे. पावसात पुढचे टायर सुटले तर गाडी वळायची थांबून सरळ जाऊ पाहते, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला की बहुतेक वेळा सावरते. मागचे सुटले तर गाडीची शेपूट फिरते, आणि ताम्हिणी घाटाच्या वळणावर ती आवरणं आपल्यासारख्यांचं काम नाही. पुढचे टायर मात्र झिजून संपलेले नकोत. कायद्यानं १.६ मिलिमीटर खाच पुरेशी आहे, पण ओल्या रस्त्यावरची पकड ३ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर झपाट्यानं घटते. खाच मोजायचा छोटा गेज स्वस्तात मिळतो, तो घ्या.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

नव्या टायरवर साच्यातून काढताना लागलेलं वंगण राहिलेलं असतं. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर तो थोडा घसरट वाटतो, म्हणून शनिवारी सकाळी टायर टाकून दुपारीच घाटात निघू नका. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासा. तरीही ओढत असेल, तर पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरमध्येच आहे. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेल्या टायरना ही युक्ती लागू नाही.

झीज बघूनही दुखणं कळतं. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट. हवा टायर थंड असताना आणि स्टिकरच्या आकड्याप्रमाणे भरा. पावसात "जरा कमी ठेवा, जास्त पकडेल" म्हणणारे भेटतील. उलट आहे: कमी हवेचा टायर मधून दबतो आणि पाणी बाहेर ढकलू शकत नाही.

किंमत विचारताना एकूण रक्कम विचारा: फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे व्हॉल्व्ह आणि जुन्या टायरचे वजा होणारे पैसे धरून. कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, बिलावर तो तपासा. "बिल नको, थोडं कमी करतो" याला हो म्हणू नका. टायरचे क्रमांक टाकलेलं पक्कं बिल नसेल, तर बाजूला फुगा आल्यावर वॉरंटी मागायला हातात काहीच राहत नाही.