मोजक्या घरांच्या वस्तीवर विहिरीचं पाणी शुद्ध कसं करावं

जेमतेम दहा-बारा घरांच्या वस्तीत उपसा कमी, त्यामुळे पाणी साचून राहतं. टीसीएल पावडर (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) ‘अंदाजाने मूठभर’ टाकणं इथे सगळ्यात जास्त चुकतं.

आधी पाणी मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), गुणिले 785, म्हणजे लिटर. व्यास 3 आणि खोली 4 मीटर असेल तर साधारण 28,000 लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 70 ग्रॅम पावडर. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन हवा. गोळे झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर निकामी समजा. ती दमट हवा, उजेड आणि उष्णतेने उतरते.

प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवून पातळ पेस्ट करा, पाऊण बादली पाणी घाला, ढवळा, दहा मिनिटं थांबा. चुना तळाशी बसतो. फक्त वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता. गाळ विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवा. नुसती वरून ओतली तर तळापर्यंत पोचत नाही.

किमान तासभर उपसा बंद. रात्री शेवटची घागर भरून झाल्यावर हे केलेलं बरं. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून उरलेला क्लोरीन बघणं: पहिल्या दहा सेकंदांतला पिवळा रंगच धरा, नंतर गडद होणारा नाही. क्लोरीन लिटरमागे 0.5 मिलिग्रॅमपेक्षा कमी आला तर आणखी निवळी सोडा.